वायरिंग, प्लंबिंग, टाईल की सुतारकाम? बडोद्यात घराच्या कामात शिरायचं असेल तर

माझा भाचा यंदा बारावी कॉमर्स झाला, 58 टक्के, आणि पुढे बीकॉम करायचं नाही म्हणतो. ताईचा फोन आला, याला तुझ्या लाईनला लाव, पण नुसतं मामाच्या मागेमागे फिरणं नको, कशात काय आहे ते नीट सांग. फोनवर सांगायला गेलो तर अर्धा तास गेला आणि त्याला काही कळलं नाही, म्हणून लिहूनच काढतो, आणखी कुणाच्या घरात असा पोरगा असेल तर त्यालाही चालेल. मी वायरमन आहे, मांजलपूरला राहतो, बावीस वर्षं झाली. पण त्याआधी आठ महिने टाईलच्या मिस्त्रीकडे हेल्पर होतो, आणि प्लंबर-सुतारांशी तर एकाच बाथरूमच्या दारात रोज भांडण असतं त्यामुळे त्यांचं पण बरंच माहितीय.

पैशाचं खाली लिहितो. आधी एक गोष्ट बघ, जी मला कुणी सांगितली नव्हती. या चारही कामांत चूक होणारच, पण ती कधी बाहेर येते आणि भुर्दंड कुणाला बसतो हे प्रत्येक कामात वेगळं आहे, आणि कुठलं काम तुला झेपेल ते पगारापेक्षा यावरून जास्त कळतं.

टाईलमध्ये चूक दुसऱ्या दिवशीच दिसते. गोत्रीला एका फ्लॅटमध्ये आम्ही 2 बाय 4 च्या टाईल लावल्या होत्या, सकाळी शेठ आला, खिशातून नाणं काढलं आणि उकिडवा बसून प्रत्येक टाईलच्या चारही कोपऱ्यांवर टकटक करत सुटला. अकरा टाईल कोपऱ्याला पोकळ बोलल्या. उस्तादाने एक शब्द न बोलता छिन्नी माझ्या हातात दिली. कारण मीच होतो, अ‍ॅडहेसिव्ह जमिनीवर दातेरी थापीने ओढलं पण टाईलच्या पाठीला हात मारायचा कंटाळा केला. पूर्वीच्या टाईल पाणी पीत त्यामुळे सिमेंटचा रगडा धरत होता, आताची व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, तिला सिमेंटवर नुसती ठेवली तर आज ना उद्या सुटते. त्यामुळे जुना मिस्त्री पण आता अर्धा नवशिक्याच आहे आणि शिकणाऱ्याला हा चांगला काळ आहे. ज्याला केलेलं काम संध्याकाळी उभं राहून बघायला आवडतं त्याने टाईल धरावी. पण गुडघे जातात, हे खरं आहे, माझा उस्ताद पन्नाशीत जिना एकेक पायरी चढायचा. आणि कटरची धूळ, मास्क लावला की बाकीचे हसतात, हसू देत.

प्लंबिंगमध्ये चूक भिंतीच्या आत जाऊन बसते. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिक पाईपचा, जोड नुसता दाबून बसवला आणि चिकटवायचं सोल्युशन लावायचं राहिलं तरी तो धरून राहतो, बरं का, कधीकधी महिनोन्‌महिने, आणि मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पिवळा डाग. तोपर्यंत वर टाईल लागलेली, त्याच्यावर बेसिनखालचं कपाट, म्हणजे व्हॅनिटी बसलेली, आणि फोडायचं म्हटलं की पहिला फोन तुला. म्हणून चांगला प्लंबर टाईल लागायच्या आधी लाईनला प्रेशर देऊन गेज रात्रभर तसाच ठेवतो आणि सकाळी काटा हलला का बघतो, त्याचा फोटो पण काढून ठेवतो. जो हे करत नाही त्याच्याकडे शिकायला जाऊ नकोस, कितीही देत असला तरी. फायदा असा की साईट बंद पडल्या तरी नळ गळायचे थांबत नाहीत, सोसायटीत चार घरं धरली की बारा महिने काम. सुरुवातीला हत्यारं पण एका पिशवीत मावतात. तोटा म्हणजे रविवारी सकाळी हात धुऊन सेव उसळ खायला बसलं की नेमका फोन येतो, कुणाचं तरी संडास भरलेलं असतं. घाणीत हात घालायची तयारी नसेल तर आत्ताच सांग, नंतर लाजून काही होत नाही.

आता माझं काम. यात चूक दिसतही नाही आणि गळतही नाही, ती गप्प राहते. मी सुरुवातीला एका घरात बेडरूमच्या लाईटचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, जवळ पडला म्हणून हॉलच्या सर्किटमधून उचलला होता. लाईट लागली, सगळे खूष. वर्षभराने त्यांनी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारे स्विच, बसवल्या, हॉलची वेगळी, बेडरूमची वेगळी, आणि बेडरूमचा स्विच दाबला की अर्ध्या घरात अंधार. दोन दिवस शोधत होतो, शेवटी माझाच जोड सापडला, माझ्याच हाताची टेप होती. हे तरी बरं, नुसता अंधार झाला. एसीला चार स्क्वेअर एमएमची जाड वायर पाहिजे तिथे दीडची बारीक ओढणारे लोक मी बघितलेत, ती भिंतीत तापत राहते आणि कुणाला कळत नाही. ज्याला घरी गेल्यावर पण "तो जोड मी घट्ट केला ना" असं आठवतं त्याने हे काम करावं. बिनधास्त पोराला मी या कामात घेत नाही.

पण कागद सगळ्यात जास्त इथेच मिळतात, हे पण सांगितलं पाहिजे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, मी तरसालीला केलं. मग अप्रेंटिसशिप, मग मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कचेरीकडून वायरमन परमिट. वीज कंपनीत लाईनवरच्या नोकरीला पण हा रस्ता जातो, तिथे खांबावर चढायची परीक्षा असते. शिवाय सोलर. 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 पर्यंत सबसिडी, तेव्हापासून आमच्या सोसायटीत पण गच्चीवर पापड वाळत घालायला जागा राहिली नाही. प्लंबर आणि सुतारकामाचा आयटीआय कोर्स एक वर्षाचा आहे, पण तिथे सर्टिफिकेट कुणी विचारत नाही, मागचं काम कुठे केलं ते विचारतात.

सुतारकामाबद्दल थोडक्यात लिहितो कारण माझं मत थोडं कडू आहे. त्यात चूक म्हणजे आठ बाय चारची शीट, कापली की कापली, आणि ती शीट तुझ्या हिशोबातून जाते. पण खरा प्रश्न वेगळा आहे, आता किचनचे पॅनेल मकरपुऱ्यासारख्या कारखान्यांच्या भागात मशीनवर कापून, कडा चिकटवून, भोकं पाडून येतात, साईटवर राहतं ते बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल बसवणं. रंधा मारणारा सुतार आणि फिटर ही दोन वेगळी माणसं झालीत. फिटिंग सहा महिन्यांत बऱ्यापैकी जमतं, पूर्ण सुतारकीला कितीतरी वर्षं जातात आणि ते करून घेणारे शेठ कमी झालेत. जे आहेत ते मात्र मनापासून पैसे देतात. एक सरकारी फायदा या बाजूला आहे, पीएम विश्वकर्मामध्ये जे 18 धंदे आहेत त्यात सुतार आणि गवंडी आहेत, 15,000 ची हत्यारं आणि 5 टक्के व्याजाने कर्ज. प्लंबर, वायरमन त्यात नाहीत. का नाहीत विचारू नकोस.

पुराची गोष्ट पण सांगतो म्हणजे कळेल. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, समा, फतेगंज, अकोटा सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर पहिला फोन आम्हाला, कारण मीटर आणि खालचे सॉकेट चिखलाने भरलेले, लोक मेन स्विच टाकायला घाबरत होते. प्लंबरला टाक्या आणि मोटरींचं काम. सुतारांना महिनाभराने, प्लायवूड फुगून कपाटाची दारं लागेनात तेव्हा, आणि मग त्यांना जी गर्दी झाली ती दिवाळीनंतर पण चालू. टाईलवाल्याला फारसं काहीच नाही, टाईल धुतली की झालं.

पैसे. वायरिंग पॉईंटवर मोजतात (एक लाईट, पंखा किंवा सॉकेट म्हणजे एक पॉईंट), टाईल स्क्वेअर फुटावर, प्लंबिंग बहुतेक बाथरूमवर, फर्निचर फुटावर. शिकताना सगळीकडे रोज मिळतो आणि तो सगळीकडे कमीच असतो, पहिल्या वर्षी त्यावरून ठरवू नकोस. फरक नंतर पडतो, टाईलवाल्याचा हात बसला की त्याची कमाई पटकन वर जाते, माझी हळू गेली पण पावसाळ्यात थांबली नाही. आणि शेवटचं बिल सगळ्यांचंच अडकतं. एका बिल्डरने माझे शेवटचे पैसे दोन वर्षं "पुढच्या साईटला बघू" करत ठेवले, तेव्हापासून स्विचच्या प्लेट मी बिल चुकतं झाल्यावरच लावतो.

तुझा एक फायदा आहे जो तुला माहीत नाही. होळीला दाहोदकडचे कारागीर गावी जातात, साईट रिकाम्या होतात, कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीची माणसं जिथे उभी राहतात तिथे, सकाळी आठला माणूस मिळत नाही. तेव्हा इथलाच, गुजराती-हिंदी दोन्ही बोलणारा, वेळेवर येणारा पोरगा असेल तर कॉन्ट्रॅक्टर त्याला विसरत नाही.

आणि तुझ्या बाबांना हाताला काळं लागलेलं आवडत नाहीये हे मला माहितीय. आपल्या दांडिया बाजारच्या घरांत बँक, रेल्वे, एलआयसी सोडून काही कामच नसतं असं वाटतं लोकांना. त्यांना एवढंच सांग की सयाजीरावांनी 1890 ला कलाभवन काढलं ते हाताचं काम शिकवायलाच.

माझं विचारशील तर तुझ्यासाठी वायरिंग किंवा प्लंबिंग, टाईल नाही, कारण क्रिकेटमध्ये तुझा गुडघा आधीच गेलाय. तरसालीचा फॉर्म भरून ठेव, इलेक्ट्रिशियन पहिला, प्लंबर दुसरा. प्रवेश होईपर्यंत सोमवारपासून भायलीच्या साईटवर ये, पहिला आठवडा प्लंबरबरोबर, दुसरा माझ्याबरोबर. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट, चप्पल चालणार नाही. सव्वाआठला. डबा ताईला जास्तीचा द्यायला सांग, प्लंबर मेथीचे थेपले बघितले की मागतो.