भोसरी एमआयडीसीतलं छोटं हीट ट्रीटमेंट वर्कशॉप, मेमरी स्टीलवर काम करणाऱ्यांनी नक्की जा

रेटिंग 5 पैकी साडेचार, अर्धा स्टार का कापला ते खाली सांगतो.

शेप मेमरी (वाकवलेला धातू तापवला की मूळ आकारात परत येतो) म्हटलं की सगळ्यांना नितिनॉलच (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) आठवतं, माझं काम मात्र लोखंड-मँगनीज-सिलिकॉनवाल्या स्टीलवर आहे. 20 टक्के मँगनीज, साडेपाच टक्के सिलिकॉन, 9 क्रोमियम, 5 निकेल, बाकी लोखंड. नितिनॉलपेक्षा खूपच स्वस्त पडतं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये असल्या स्टीलच्या पट्ट्या जुन्या काँक्रीटच्या बीमला बसवून तापवतात, पट्टी आकसायला बघते आणि बीम आवळला जातो, जॅक लावून ओढायची भानगडच नाही. आपल्याकडे एवढी जुनी बांधकामं आहेत, म्हणून मी दीड वर्ष यात जीव ओतलाय.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी पट्ट्या दिल्या होत्या, नाव घेत नाही. त्यांनी नेहमीचं स्टेनलेस समजून व्हॅक्युम फर्नेसमध्ये 1100 डिग्रीला ठेवल्या आणि मस्त चकचकीत करून दिल्या, मीपण खूश झालो. घरी येऊन 1 मिमी जाडीची पट्टी 16 मिमी त्रिज्येच्या बारवर वाकवली, म्हणजे बाहेरच्या बाजूला साधारण 3 टक्के स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत ताण), आणि मग तापवली तर अर्ध्याहून जास्त वाक तसाच राहिला. मला वाटलं फाउंड्रीने केमिस्ट्रीच चुकवली, दोन रात्री झोप नाही.

तीच पट्टी घेऊन भोसरीला गेलो. इथल्या काकांनी काही न विचारता ड्रॉवरमधून चुंबक काढलं आणि पट्टीला लावलं, तर चक्क चिकटलं! या स्टीलमध्ये आत अणूंची रचना दोन प्रकारची, नेहमीची ऑस्टेनाइट आणि वाकवल्यावर तयार होणारी एप्सिलॉन मार्टेन्साइट, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. मग काकांनी पट्टीची एक बाजू एमरीवर घासली आणि परत लावलं, घासलेल्या जागी पकड एकदम ढिली. व्हॅक्युममध्ये एवढ्या टेंपरेचरला मँगनीज वरवरून उडून गेलं होतं, त्यामुळे कातडीचं स्टीलच बदललं होतं, आणि वाकवताना सगळ्यात जास्त स्ट्रेन त्या कातडीवरच येतो. नवीन पट्ट्या त्यांनी जरा जाड ठेवायला सांगितल्या, एसएस फॉइलच्या पाकिटात आर्गॉन सोडून बंद केल्या, भट्टीतून काढल्यावर सरळ पाण्यात टाकल्या आणि नंतर दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून 1 मिमीला आणल्या. थर्मोकपल (टेंपरेचर मोजायची तार) पट्टीला टेकवून लावलेलं, नुसतं भट्टीच्या भिंतीतलं रीडिंग नाही.

पण यांची खरी कमाल मायक्रोस्कोपवर कळली. वाकवलं की ऑस्टेनाइटमध्ये एप्सिलॉनच्या पातळ प्लेट उगवतात, तापवल्यावर त्या आल्या वाटेने परत गेल्या तर आकार परत येतो, मध्येच कुठे अडून साधं स्लिप (अणूंचे थर कायमचे सरकणं) झालं की तेवढा वाक कायमचा. काकांच्या मुलीने (सगळं एचिंग, म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून पृष्ठभागावर केमिकल लावणं, तीच करते) रोल करून (रोलरखाली दाबून पातळ करून) 1100 ला ठेवलेली पट्टी दाखवली, प्रत्येक ग्रेनमध्ये (धातूतल्या स्फटिकात) सरळ कडांचे ट्विन (आरशातल्या प्रतिमेसारखी रचना उलटलेले पट्टे) आणि पांढऱ्या एप्सिलॉन प्लेट त्यांच्यावर जाऊन धडकलेल्या. शेजारी न रोल केलेला, ओतलेल्या तुकड्यावर थेट अ‍ॅनील (भट्टीत तापवून ठेवणं) केलेला नमुना, त्यात ग्रेन मोठे, ट्विन अगदी मोजके आणि प्लेट लांबच लांब मोकळ्या गेलेल्या. 2014 मध्ये सिचुआन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी याच मार्गाने 7.6 टक्के रिकव्हरी स्ट्रेन (तापवल्यावर परत येणारा स्ट्रेन) मिळवला होता, ते मी शंभर वेळा वाचलंय, पण आयपीसला डोळा लावून बघितलं तेव्हा डोक्यात बसलं. केमिस्ट्री तीच, आतली रचना वेगळी!

रोल केलेल्या पट्ट्या पण वाया नाही गेल्या. त्यांना ट्रेनिंग दिलं, म्हणजे थोडं वाकवायचं, 600 च्या आसपास तापवायचं, परत वाकवायचं, असं चार वेळा. यातून आत स्टॅकिंग फॉल्ट (अणूंच्या थरांच्या क्रमातल्या चुका) रांगेत तयार राहतात आणि पुढच्या वेळी प्लेट बारीक आणि सारख्या पसरून येतात. चौथ्यानंतरची पट्टी भट्टीत ठेवून दार किंचित उघडं ठेवलं होतं, वाकडी पट्टी हळूहळू अंग सोडून उलगडत गेली, आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी सरळ. ओतलेल्या तुकड्याची पट्टी मात्र एकही ट्रेनिंग न देता तिच्यापेक्षा सरळ झाली, मला तोच रस्ता पटलाय कारण बीमला लावायची लांब पट्टी चार-चार वेळा कोण ताणत आणि तापवत बसणार.

आता अर्धा स्टार. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, आणि टेंपरेचरचा चार्ट मागितल्यावरच मिळाला, तो रिपोर्टसोबत यायलाच हवा. फोटोंवर स्केल बार आहे का ते तिथेच बघून घ्या, माझ्या दोन फोटोंवर नव्हता, परत काढून दिले. नितिनॉलच्या वायरी घेत नाहीत. गुरुवारी बंद असतं, आणि काकांशी निवांत बोलायचं असेल तर दुपारी तीननंतर जा, सकाळी भट्टी भरायची घाई असते.