दुहेरी काच की रंगाचा मुलामा?

जुन्या लाल बोहेमियन (आजच्या चेकियातल्या बोहेमिया प्रांतातल्या) काचेच्या पेल्यांत दोन प्रकार सर्रास एकमेकांत मिसळले जातात. एकात बिनरंगी काचेवर रंगीत काचेचा दुसरा थर चढवून तो चाकावर कापलेला असतो. कापाची कड भिंगाखाली पाहा: रंगाला स्वतःची जाडी दिसते, नखाला पायरी लागते. दुसऱ्यात रंग फक्त पृष्ठभागावर भट्टीत भाजलेला. बोहेमियातले काच-कारागीर फ्रीड्रिश एगरमान यांनी १८३२च्या सुमारास असा लाल रंग साधला. तो अगदी पातळ, म्हणून काठाशी आणि बुडाशी झिजून खालची काच डोकावते. तरी मुलाम्याच्या पेल्याला कमी लेखू नये. त्यावर कोरलेली हरणं, झाडं कित्येकदा अप्रतिम असतात! साच्यातली नक्कल मात्र लगेच कळते: कडा बोथट, अंगावर सांध्याची रेघ.