सात महिने आणि 2,140 किलोमीटर: म्युनिकच्या नदीकाठी टूरिंग सायकल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतलेल्या सायकलीबद्दल ऑक्टोबर संपता संपता लिहितेय. मे महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता मीटरवर 2,140 किलोमीटर आहेत, चेन एकदा बदलून झालीय आणि खोगीर दोनदा. म्हणजे तक्रारींनाही थोडं वजन आलंय.

इथे या प्रकाराला ‘ट्रेकिंगराड’ म्हणतात. पाठ जवळजवळ ताठ ठेवणारं हँडल, 47 मिलिमीटर रुंद टायर, मागच्या चाकाच्या हबमध्ये (म्हणजे मधोमधच्या तुंब्यात) बंदिस्त 8 गिअर, पुढच्या हबमध्ये डायनॅमो, मडगार्ड, स्टँड आणि 25 किलो सामान पेलणारं कॅरियर. सायकलीचं स्वतःचं वजन 17 किलो. सेकंडहँड मिळाली, 850 युरोला. दुकानातल्या मुलानं आधी मला एक हलकी, बारीक टायरची रेसिंग सायकल दाखवली होती. ती मी केवळ भीतीपोटी नाकारली. माझा निर्णय बरोबर ठरला, पण कारण चुकीचं होतं.

भीती पुण्याची. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं मी सायकलवर काढली, मग टिळक रस्त्यावर एका पीएमटीनं कोपरापर्यंत खरवडलं आणि सायकल सोडली. तेव्हापासून कान मागे लावून चालवायची सवय: मागचा आवाज रिक्षाचा, टेम्पोचा की बसचा, हे न वळता ओळखायचं आणि त्याप्रमाणे डावीकडे सरकायचं. इथे ईझार नदीच्या काठानं, मोटारींना बंदी असलेल्या वाटेवर, पहिले दोन महिने मी तशीच चालवत होते. मागून पाचोळा सरकला तरी खांदे वर. जूनमध्ये कधीतरी लक्षात आलं की आपण आता पाण्याचा आवाज ऐकतोय.

माझी नेहमीची वाट म्हणजे शहरातून इंग्लिश गार्डन ओलांडून उत्तरेला फ्रायझिंगकडे जाणारा ईझारचा काठ. साधारण 35 किलोमीटर, जवळजवळ सगळे सपाट, बरेचसे नदीकाठच्या दाट जंगलातून. डांबर कमी, बारीक खडी जास्त. ही खडी चुनखडीची, पांढरी. कोरडी असेल तर टाल्कम पावडरसारखी उडते, पाऊस पडला की चुन्याची निवळी होऊन पायापासून पिशव्यांपर्यंत सगळं सारवून काढते. बारीक टायरची ती हलकी सायकल इथे पहिल्याच वळणावर घसरली असती. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवायची, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, आणि मनगटं दुखायची थांबली.

हबमधले गिअर ही या सायकलीची सगळ्यात चांगली गोष्ट. सगळं आत बंद असल्यामुळे पांढरा चिखल दातऱ्यांच्या चळतीत जाऊन बसत नाही. शिवाय उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. नदीकाठच्या वाटा सपाट असतात खऱ्या, पण मध्येच पुलाखाली खोल उतरतात आणि पलीकडे भिंतीसारख्या चढतात. कुणाचं तरी कुत्रं आडवं आलं म्हणून तुम्ही नेमके तळाशी थांबलेले असता. तिथे पहिला गिअर टाकून निघता येणं ही चैन आहे. डायनॅमोबद्दल एवढंच, की तो फिरतोय हे पायाला कळतही नाही. आमच्या लहानपणीचा बाटलीसारखा डायनॅमो टायरला टेकवला की सायकल निम्मी जड व्हायची, म्हणून पोलीस दिसेपर्यंत कुणी तो टेकवायचंच नाही.

‘वाहनमुक्त’ या शब्दावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. शेतातून जाणाऱ्या वाटांवर मोटारबंदीच्या गोल पाटीखाली आणखी एक छोटी पाटी असते: शेतीच्या वाहनांना परवानगी. म्हणजे सुगीत ट्रॅक्टर येणार, आणि तो वाट पूर्ण व्यापूनच येणार. तेव्हा गवतात उतरायचं, हात करायचा. तोही हात करतो. जंगलातले धोके वेगळे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, 1966 पासून बीव्हर (झाडं कुरतडून पाडणारे नदीकाठचे प्राणी) पुन्हा आणून सोडले, आता ते ईझारकाठी अगदी मुरलेत. पेन्सिलीला टोक करावं तसं कुरतडलेलं झाड वाटेवर आडवं पडलेलं मी तीनदा पाहिलं. ओक वृक्षांवरच्या सुरवंटांच्या सूचनेच्या पाट्या दिसल्या तर त्या सावलीत डबा उघडू नका, त्यांचे केस खाजकुयलीसारखे लागतात. गोचिडांचं तर विचारूच नका. इथल्या गोचिडांमधून मेंदूज्वर होऊ शकतो. त्याच्या लशीचे तीन डोस असतात, मी पहिले दोन घेतल्यावरच गवतात बसायला लागले.

खरी परीक्षा जुलैत झाली, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात. पुण्याहून बाबा आले होते. वय 71, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत सायकलवरून जाण्यात अख्खी नोकरी गेली. त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल भाड्यानं घेतली. गुन्त्सेनहाउजेनपर्यंत रेल्वे, तिथून केलहाइमपर्यंत नदीबरोबर सुमारे 165 किलोमीटर, चार दिवस. पहिले दहा मिनिटं बाबा गप्प, मग म्हणाले, “अगं, ही मला ओढत्येय. मी चालवत नाहीये, मला नेतायत.” ताशी 25 च्या पुढे मोटर मदत करणं थांबवते, हे कळल्यावर त्यांनी उतारावर त्या थांबण्याचा क्षण पकडायचा खेळच सुरू केला.

आल्टम्यूल ही बायर्नमधली सगळ्यात संथ नदी म्हणून ओळखली जाते. कित्येक ठिकाणी ती कुठल्या बाजूला वाहतेय हे पानं बघून ठरवावं लागतं. दोन्हीकडे चुनखडीचे कडे, कड्यांवर ज्युनिपरची झुडपं, त्यात मेंढ्या. ट्रॉइश्टलिंगेनजवळ ग्राबेन नावाच्या गावात एक चर आहे: 793 साली राजा शार्लमेननं ऱ्हाइन आणि डॅन्यूबची खोरी जोडायला कालवा खणायला घेतला होता, त्याचे अवशेष. बाबांनी तो बघून “पीडब्ल्यूडीचं काम दिसतंय” एवढाच शेरा मारला.

सोल्नहोफेनला मात्र ते अडकले. इथल्या चुनखडीचे पातळ, एकसारखे थर निघतात. याच भागात 1861 साली आर्किऑप्टेरिक्सचा, म्हणजे पंख असलेल्या त्या 15 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला. पण बाबा थांबले ते दगडासाठी. आलोइस झेनेफेल्डरनं 1796 च्या सुमारास शिळाछाप, म्हणजे दगडावरून चित्रं छापायचं तंत्र, शोधला तो या दगडावर, आणि मग उत्तम शिळा जगभर इथूनच जायला लागल्या. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ घेऊन. आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्या छापखान्याची. बाबांनी रस्त्याकडेचा एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चोळला, म्हणाले, “लक्ष्मी यावर होती होय!” तुकडा माझ्या पिशवीत. मी काही बोलले नाही, 25 किलोची मर्यादा आहे म्हणून.

पिशव्यांचं सांगायचं राहिलं. ऑर्टलीबच्या आहेत, तोंड गुंडाळून बंद करायच्या. ही कंपनी बायर्नमधल्याच हाइल्सब्रॉनची. आइश्टेटच्या अलीकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, आम्ही दोघं निथळत होतो, आणि आतल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाबांचं धोतर सगळं कोरडं. एकच खोट: आत कप्पे नसल्यामुळे मेतकुटाची पुडी कायम तळाशी.

तिसऱ्या दिवशी किपफेनबेर्गच्या पुढे मागचं चाक बसलं. हबगिअरची खरी अडचण इथे कळते. मागचं चाक काढायला 15 चा पाना लागतो, गिअरची केबल सोडवावी लागते, आणि माझ्याकडे पाना नव्हता. फोनवर दुकान शोधायला लागले तर बाबांनी सायकल उलटी केली, चाक न काढताच टायरची एक कड सोडवली, ट्यूब हातभर बाहेर ओढली, हवा भरून गालाजवळ फिरवली. “आवाज बंद कर, ऐकू दे.” मी फोन ठेवला. नदीचा आवाज नव्हताच, ती आल्टम्यूल. फूस्स ऐकू आलं, काटा निघाला, ठिगळ लागलं. वीस मिनिटं. चाक काढण्याची पद्धत मला नंतर एका व्हिडिओतून कळली, पण ती अजून वापरलेली नाही.

डीटफुर्टच्या पुढे नदी माइन-डॅन्यूब कालव्यात जाते. हा कालवा 1992 साली पूर्ण झाला. वाट सुंदर डांबरी, सरळ, आणि माझ्या मते सगळ्यात कंटाळवाणी. समोरून वारा असेल तर ताठ बसवणारं हँडल शिक्षा वाटते. या एका पट्ट्यात मला ती बारीक टायरची सायकल आठवली. एसिंगचा नागमोडी लाकडी पूल आला तेव्हा कुठे जीव रमला. पुलावरून बाबा दोनदा गेले.

आता तक्रारी. मूळचं खोगीर गादीसारखं मऊ होतं आणि चाळीस किलोमीटरनंतर असह्य; बदललेलं त्याहून वाईट, तिसरं कडक चामडी आहे आणि ते चाललंय. स्टँड एका पायाचा, पिशव्या लावल्या की ओल्या मातीत रुततो आणि सायकल शांतपणे नदीकडे कलते. दोन पायांचा घ्या, मी घेतला. 17 किलो अधिक सामान म्हणजे जिना चढणं विसरा. परतीच्या एका स्टेशनवर लिफ्ट बंद होती, मी पिशव्या आणि सायकल तीन खेपांत नेली, बाबांची बॅटरीवाली दोन अनोळखी मुलांनी उचलली. रेल्वेनं जाणार असाल तर डॉइचलांडटिकिटात (देशभरच्या लोकल गाड्यांच्या मासिक पासात) सायकल येत नाही, तिचं तिकीट वेगळं काढा, आणि उन्हाच्या रविवारी संध्याकाळची गाडी टाळा. केलहाइमला प्रवासी रेल्वे नाही, जवळच्या झाल नावाच्या स्टेशनापर्यंत आणखी पाच-सहा किलोमीटर चालवावी लागते, हे दमल्यावर कळू नये.

चेन 1,600 किलोमीटरला ताणली, पांढऱ्या धुळीमुळेच. ओलं तेल घातलं की धूळ चिकटून त्याची पेस्ट होते. आता मेणासारखं कोरडं वंगण वापरते, दर पावसानंतर. ब्रेकच्या पॅडनाही हीच धूळ लागते, ओल्यात किंचाळतात, पण पकड कधी सुटली नाही.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, “पाना घेतलास का?” घेतलाय. पंधराचा, खोगिराखालच्या पिशवीत, सोल्नहोफेनच्या दगडाशेजारी.