बेळगावात वजनाचं ऑपरेशन करून घेताना: मी निवडलेल्या विभागाबद्दल

वजन कमी करायचं ऑपरेशन कुठं करून घेतलं, पुढं त्रास झाला का, खर्च किती आला, असं हल्ली मला आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. खानापूर, निपाणीकडच्या बायका येतात, चंदगडहूनही फोन येतात. प्रत्येकीला घाईघाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. बेळगावातल्या ज्या मोठ्या रुग्णालयात माझा गॅस्ट्रिक बायपास झाला, तिथल्या बॅरिॲट्रिक (म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांच्या) विभागाला मी पाचपैकी चार देते. एक गुण का कापला तेही सांगते. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं काय बघायचं आणि काय विचारायचं हे एकदा कळलं की कोल्हापूर, हुबळी, पुणे कुठंही गेलात तरी ते उपयोगी पडेल.

शहापुरात माझी खानावळ आहे. ऑपरेशनच्या आधी वजन १०८ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४५. शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९ च्या वर गेलेलं. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी. रात्री घोरताना मधेच श्वास अडकायचा, आमचे हे उठून मला हलवायचे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालणं, टिळकवाडीतला डाएट, उपास, काढे, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचं, बारा चढायचं.

चौकशी तीन ठिकाणी केली. गावाबाहेरच्या एका ठिकाणी फोनवरच पॅकेज आणि तारीख सांगितली, मला न बघता. तिथं मी परत फोन केला नाही. दुसरीकडं माझं म्हणणं ऐकून घेतलं, पण शेवटी सगळ्यांना स्लीव्हच, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशनच सुचवायचे. मला स्वतःलाही स्लीव्हच हवं होतं, कारण मावसबहिणीचं तेच झालेलं आणि ती छान आहे. तिसऱ्या ठिकाणच्या सर्जननी पहिल्या भेटीत ऑपरेशनचं नावच घेतलं नाही. म्हणाले, आधी दुर्बीण घालून जठर बघू, झोपेची तपासणी करू, मग बोलू.

एंडोस्कोपीत हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडं सरकलेला) निघाला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिडनं सूज आलेली. मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर दोन चित्रं काढून समजावलं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. भूक पेटवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त करून त्या कापलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. पण त्या नळीत दाब वाढतो, आणि ज्याला आधीच ॲसिड वर येतं त्याचा त्रास पुढं वाढू शकतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीचा छोटा कप्पा करतात आणि लहान आतडं वर आणून त्याला जोडतात. बाकीचं जठर पोटात जागेवरच राहतं, अन्न तेवढं तिकडं जात नाही. छातीत जळजळ असणाऱ्याला आणि शुगर हट्टी असणाऱ्याला हे बरं. त्याची किंमतही त्यांनी त्याच बैठकीत सांगितली. बायपासनंतर लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, आणि गुडघ्यासाठी जी वेदनाशामक गोळी मी रोज खायचे ती कायमची बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. मावसबहिणीचं ऑपरेशन तिला बरोबर होतं, मला बरोबर नव्हतं. दुर्बीण न घालता कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर उठून या, असं मी सगळ्यांना सांगते.

पण त्या विभागाचा खरा मान आहारतज्ज्ञ बाईंचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "खानावळ आहे म्हणता, मग मीठ कोण बघतं?" मी म्हटलं, मीच. "दिवसात किती वेळा?" मी थोडा विचार केला. सकाळच्या आमटीपासून रात्रीच्या पिठल्यापर्यंत डाव तळहातावर टेकतोच. आमटी, भाजी, कोशिंबीर, रस्सा, परत फोडणी घातल्यावर एकदा, पाणी वाढवल्यावर एकदा. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "अक्का, तुमचं एक जेवण असं उभ्यानंच होतंय. जेवायला बसल्यावर तुम्ही कमी खाता हे खरं आहे, मी मानते." इतकी वर्षं सगळे डॉक्टर मला "खाणं कमी करा" म्हणत आलेत, मी कमी खाते म्हटलं की हसायचे. या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि कारणही शोधलं. आता मीठ बघायचं काम माझ्याकडं भाजी चिरणाऱ्या मुलीचं. सुरुवातीला हात शिवशिवायचा. तिची जीभ चांगली तयार झालीय, गिऱ्हाइकांची एकही तक्रार नाही.

सासूबाईंचा विरोध होता. "अगं, धडधाकट पोट कापून घ्यायचं? तोंडावर ताबा ठेव की." त्यांना मी बाईंसमोर नेऊन बसवलं. लठ्ठपणा हा आजार आहे, वजन उतरलं की शरीरच भूक वाढवून ते परत आणायला बघतं, हे बाईंनी त्यांना अर्धं मराठीत, अर्धं कानडीत सांगितलं. सासूबाईंचं माहेर गोकाककडचं, त्यांना ते कानडीतलंच पटलं.

विम्याबद्दल नीट वाचा. २०१९ मध्ये विमा नियामकानं आरोग्य पॉलिसीतल्या वगळण्यांची भाषा एकसारखी केली. त्यात या ऑपरेशनच्या अटी दिल्यात. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारी शुगर यांपैकी काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असले पाहिजेत. माझ्या कंपनीनं नेमकं ते शेवटचंच मागितलं. टिळकवाडीच्या डाएटच्या पावत्या आणि फाइल मी जपून ठेवली होती, ती कामाला आली. तुम्हीही टाकू नका. आणि तुमची पॉलिसी आपापली तपासा, प्रतीक्षाकाळ वेगवेगळा असतो.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचं, पातळ खाणं दिलं. उपासमार म्हणून नव्हे. लिव्हरमधली चरबी उतरून ते लहान होतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचायला वाट मिळते. घरात गौरीगणपती, पुरणाचा वास, आणि मी मुगाचं कढण पीत होते. कारण माहीत असलं की निभतं. रात्री झोपताना लावायचं श्वासाचं मशीनही आधीच सुरू केलं होतं, भूल सुरक्षित व्हावी म्हणून.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच. त्याच संध्याकाळी सिस्टरनी उठवलं, "अक्का, चला, बागेपर्यंत नाही, दारापर्यंतच." पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालणं आणि पोटावर इंजेक्शन, दोन्ही. खांदा भयंकर दुखला. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळं तसं होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं, हे आधीच सांगितलेलं म्हणून घाबरले नाही. घरी सोडताना एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: नाडी १२० च्या वर, ताप, पोटात वाढतं दुखणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. खाली वॉर्डचा नंबर.

त्या नंबरचा उपयोग दुसऱ्या महिन्यात झाला. पातळावरून मऊ खाण्यावर आले होते, मऊ भात खाल्ला की उलटी. मग डाळीच्या पाण्यालाही उलटी. रात्री साडेअकराला फोन केला. ड्यूटीवरच्या डॉक्टरनी उचलला, नाडी मोजायला लावली, लघवी किती वेळा झाली ते विचारलं आणि "सकाळी नको, आत्ताच या" म्हणाले. तिथं गेल्यावर सलाइनच्या आधी थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व दिलं. बरेच दिवस उलट्या झालेल्या माणसाला थायमिनच्या आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे मला त्या पोरसवदा डॉक्टरनी सुई लावता लावता सांगितलं. जठर आणि आतड्याच्या जोडाचं तोंड आवळलं होतं. दुर्बिणीतून फुगा घालून ते रुंद केलं आणि त्याच आठवड्यात मी मटकीची उसळ मिक्सरला लावून खाल्ली. हा बायपासनंतर होणाऱ्या माहितीतल्या त्रासांपैकी एक आहे. तो झाला म्हणून मी गुण कापत नाही, उलट त्या रात्रीसाठी देते. ऑपरेशन करणारे पुष्कळ आहेत. रात्री फोन उचलणारं कुणी आहे का, हे आधी विचारा.

आता जेवणाचं. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत आणि पोट तर एवढंसं. अंड्यात साधारण ६ ग्रॅम, मग उरलेलं कुठून आणायचं? रुग्णालयाच्या औषधदुकानात मिळणारी पावडर व्हॅनिलाची, गोडमिट्ट. मला दोन घोट जाईना. बाईंनी बिनचवीची आणायला सांगितली. ती गरम पदार्थात टाकली की गोळे होतात. आधी गार ताकात रवीनं घोटायची, पिठलं चुलीवरून उतरवून कोमट झालं की मग त्यात ओतायची, पुन्हा उकळायचं नाही. लसणाची फोडणी वरून. ही माझी कृती आता बाई इतरांना सांगतात.

ताटात आधी अंडं, मासा किंवा पनीर, मग भाजी, जागा उरली तर जोंधळ्याच्या भाकरीचा आमटीत भिजवलेला तुकडा. चपाती अजून अडकते. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. कुंदा नाही. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. रुग्णांच्या बैठकीत गोकाकच्या एक बाई घरच्या करदंटाचा (गूळ-सुक्यामेव्याच्या गोडाचा) अनुभव सांगत होत्या, तो ऐकूनच मी बेळगावच्या कुंद्याला रामराम केला. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, कंगवा भरून यायचा. झपाट्यानं वजन उतरलं की होतं, प्रथिनं सांभाळा, येतील परत, असं सांगितलं होतं तसे आले. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती. लग्न झालेल्या पोरींना गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष टाळायला आधीच बजावतात, हेही चांगलं.

आज वजन ७३. एचबीए१सी ६ च्या आत, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. श्वासाचं मशीन परत केलं. दुपारच्या गर्दीत दोन तास उभी राहते, गुडघा कुरकुरत नाही. आता वजन उतरवायची इंजेक्शनंही आलीत, माउंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडं आलं. काहींना ते पुरेसं होतं, पण बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. तुमच्यासाठी काय योग्य ते दोन्ही देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, एकच विकणाऱ्याला नको.

गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, बिल. पॅकेज म्हणून सांगितलेल्या आकड्यात जठर-आतडं कापून टाके घालणाऱ्या स्टेपलरच्या सगळ्या काडतुसांचा खर्च धरलेला नव्हता, तो शेवटी वेगळा लागला आणि त्यातला काही भाग विम्यानं दिला नाही. काडतुसं किती लागतील ते आधी नक्की सांगता येत नाही हे मान्य, पण एकाची किंमत लेखी देता येते. मागून घ्या.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. संमतीपत्र इंग्रजी आणि कानडीत, आहाराचा तक्ता फक्त इंग्रजीत. त्या वॉर्डात माझ्या दोन्ही बाजूंना मराठी बायका होत्या, एक चंदगडची, एक खानापूर तालुक्यातली. मी सही करण्याआधी सगळं वाचून दाखवायला लावलं, एका सिस्टरनी बसून वाचलंही. चंदगडच्या मावशींना कुणी वाचून दाखवलं नाही, त्यांनी लेकाकडं बघून अंगठा दिला. पोटातलं काय कापणार, काय जोडणार, जिवाला धोका काय, हे माणसाला त्याच्या भाषेत कळायलाच हवं. मराठी रुग्णांच्या जिवावर चालणाऱ्या विभागाला एवढं जड नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी मला तक्ता हातानं मराठीत लिहून दिला, त्याच्या झेरॉक्स मी मारुती गल्लीतून काढून वॉर्डात दिल्यात. छापील अजून आलेला नाही, प्रत्येक तपासणीला मी विचारते.

जाणार असाल तर पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पॉलिसीची प्रत न्या. सकाळी काही न खाता गेलात तर रक्त त्याच दिवशी देता येतं. आणि घरात स्वयंपाक जो करतो त्याला सोबत घ्या, बाई पहिला प्रश्न त्यालाच विचारतात.