मायनेक्स्टमूव्ह : शाळेतल्या मुलांसोबत वर्षभर वापरल्यानंतर

नववी ते बारावीच्या मुलांना पुढच्या वाटांबद्दल बोलतं करायचं होतं. भाषणं देऊन ते होत नाही, म्हणून गेलं शैक्षणिक वर्ष मी मायनेक्स्टमूव्ह हे व्यवसाय शोधायला मदत करणारं संकेतस्थळ त्यांच्यासोबत वापरलं. २०११ पासून ते चालू आहे, अमेरिकेच्या श्रम विभागाच्या पैशावर चालतं आणि फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही. मुलांचे नाव-पत्ते मागणाऱ्या चाचण्यांचा मला तिटकारा आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट होती. माझं मत आधीच सांगते: यातली आवडीची चाचणी बरी आहे, पण तिच्यामागे व्यवसायांची जी माहिती साठवली आहे ती फारच चांगली आहे. गंमत म्हणजे बहुतेक जण चाचणीचा निकाल बघतात आणि पान बंद करतात.

चाचणीत साठ छोटी विधानं आहेत आणि प्रत्येक विधान म्हणजे एक काम. विटा किंवा फरशा बसवणं, नवं औषध शोधणं, नाटक-पुस्तक लिहिणं, शेअर आणि रोख्यांची खरेदी-विक्री, माल आला-गेला त्याच्या नोंदी ठेवणं. समोर पाच चेहरे असतात, अगदी नावडतं पासून खूप आवडतं पर्यंत. सूचना अशी की शिक्षण किती लागेल, पैसे किती मिळतील याचा विचार करू नका, काम आवडेल का तेवढंच सांगा. शेवटी सहा गटांत गुण मिळतात, प्रत्येकात जास्तीत जास्त चाळीस. अवजारं-यंत्रांचं काम, शोधाचं काम, कलेचं, माणसांना मदतीचं, पुढाकार घेऊन धंदा चालवण्याचं आणि नोंदी-हिशेब नीट ठेवण्याचं, असे ते सहा. मांडणी जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाची, १९५९ सालची.

मला खरा उपयोग झाला तो मधल्या चेहऱ्याचा, ‘सांगता येत नाही’चा. मुलं तो धडाधड दाबतात. सुरुवातीपासून मी एकच प्रश्न विचारत गेले: हे काम काय असतं ते माहीत आहे आणि त्याचं तुला काही वाटत नाही, की हे काय असतं तेच माहीत नाही? उत्तर बहुतेक वेळा दुसरंच निघायचं. मत्स्यबीज केंद्रात मासे वाढवणं म्हणजे दिवसभर नक्की काय करायचं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? त्याने जवळून पाहिलेले व्यवसाय चारपाच. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार आणि घरातली मोठी माणसं करतात ते. मग मधल्या चेहऱ्यांची प्रत्येकाची वेगळी यादी करायला लावली आणि त्यातल्या दोनतीन कामांबद्दल कुणाला तरी भेटून, विचारून यायचं असं ठरवलं. चाचणीच्या गुणांपेक्षा या यादीने जास्त काम केलं. मुलींच्या यादीत यंत्रांची कामं जास्त होती, मुलांच्या यादीत शुश्रूषेची. कारण उघड आहे, ती कामं त्यांच्या हातात कुणी दिलेलीच नसतात.

पालकांचा हमखास प्रश्न येतो, “मग याला डॉक्टर होता येईल का?” ही चाचणी त्याचं उत्तर देत नाही. ती आवड मोजते, कुवत नाही. हे पालकांना आधीच बजावून ठेवावं, नाहीतर कागद हातात पडला की घरात निकाल लागल्यासारखं वातावरण होतं.

हॉलंडच्या मांडणीत सहा गट षटकोनात बसवलेले असतात: शेजारचे एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे दूरचे. हे मी फळ्यावर काढून दाखवते, कारण त्याशिवाय काही निकालांचा अर्थच लागत नाही. एका मुलीचे कलेचे आणि नोंदी-हिशेबाचे गुण सारखेच चढे आले. हे दोन्ही समोरासमोरचे कोपरे! ती म्हणाली, “मॅडम, चाचणी चुकली का?” नव्हती चुकली. तिला चित्रं आवडतात आणि वहीत रकाने आखायलाही आवडतात. संग्रहालयातल्या वस्तूंची सूची, अभिलेखागार, पुस्तकांची निर्मिती, नकाशे, अशी नावं आम्ही दोघींनी बसून काढली. गुणांवरून संकेतस्थळ व्यवसायांची जी यादी देतं, तिच्यातून हे आपसूक सुचलं नसतं.

ही यादी मिळण्याआधी, गुणांनंतर, तयारीची पातळी निवडायची असते, एक ते पाच. एक म्हणजे जवळपास काही तयारी न लागणारी कामं, तीनमध्ये बहुधा व्यवसाय प्रशिक्षण किंवा कामावर शिकणं, चारमध्ये बहुतेक ठिकाणी पदवी, पाचमध्ये पदवीच्याही पुढे. सगळी मुलं पाच दाबतात. दाबू द्यावं. मग तेच गुण ठेवून चार आणि तीन दाबायला सांगावं. प्रयोगशाळेची आवड असलेल्या मुलाला तंत्रज्ञापासून संशोधकापर्यंतच्या पायऱ्या अशाच दिसल्या, आणि वरची पायरी हुकली तर सगळं संपलं ही भीती थोडी कमी झाली.

आता व्यवसायांची पानं. मुलं आधी पगार बघतात. तो अमेरिकेतला, डॉलरमध्ये, म्हणून इतर देशांतल्या मुलांनी त्यावरून पुढे सरकावं. बघायचं ते त्या कामात माणूस करतो काय. याच माहितीचं मोठं रूप ओनेट ऑनलाइन या संकेतस्थळावर आहे, आणि वरच्या वर्गांना मी सरळ तिथेच नेते. तिथे कामांची लांबलचक यादी असते. शिवाय फोनवर किती बोलावं लागतं, उभं किती राहावं लागतं, घाईगर्दी किती असते, हेही असतं. ते मुख्यतः ती कामं करणाऱ्या माणसांनाच विचारून भरलेलं आहे, त्यामुळे त्याला वजन आहे. चित्रकलेच्या ओढीने वास्तुरचनाकार व्हायला निघालेल्या एका मुलाने त्या व्यवसायाची यादी वाचली. ग्राहकाला काय हवं ते समजून घेणं, कराराची कागदपत्रं तयार करणं हेही त्यात होतं. त्याचा चेहरा उतरला, पण दोन दिवसांनी तो म्हणाला की ग्राहकांशी बोलायला चालेल, कागदपत्रांचं बघू. असं बोलणं भाषणातून कधी निघालं नव्हतं.

मागणी वाढणाऱ्या व्यवसायांवर एक खास चिन्ह असतं. त्याच्यावर मुलं तुटून पडतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवावा. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२३ ते २०३३ च्या अंदाजात पवनचक्की दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांची वाढ सुमारे ६० टक्के होती. मुलांनी ‘वाः’ केलं. पण त्या नव्या जागा सात हजारांच्या आसपास. घरी जाऊन रुग्ण-वृद्धांची काळजी घेणाऱ्यांची वाढ २१ टक्केच, पण नव्या जागा आठ लाखांहून जास्त. टक्का कशाचा, हे विचारायला मुलं गणिताच्या तासाला शिकलीच नव्हती, इथे शिकली. दहा वर्षांचे असे अंदाज चुकतातही, तेही सांगून टाकावं.

अडचण भाषेची. संकेतस्थळ इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. ज्यांचं इंग्रजी कच्चं त्यांना ही साठ विधानं कोड्यासारखी वाटतात आणि मग पुन्हा मधला चेहरा. मी ती साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवली आहेत. गुण जपून ठेवायची जबाबदारीही आपलीच. सहा आकडे वहीत लिहून ठेवले की पुढच्या खेपेला तेच टाकून यादी परत मिळते.

चाचणी वर्षअखेरीस पुन्हा करून घेतली. काहींचे गुण जागेवरच, काहींचे बरेच हलले. याचं नवल नाही. आवडींवरच्या जुन्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००५ मध्ये आला होता. त्यात आवडींचं स्थैर्य किशोरवयात फारसं वाढत नाही आणि अठरा ते बावीसच्या दरम्यान एकदम वाढतं, असं दिसलं. म्हणून नववीतला कागद बारावीत पुरावा म्हणून काढू नये.

वापरणार असाल तर एका वेळी अख्खा वर्ग बसवू नका, शेजाऱ्याचं बघून चेहरे दाबले जातात. पाचसहा जणांचा गट पुरे. चाचणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात; त्याच्या तिप्पट वेळ नंतरच्या बोलण्यासाठी राखून ठेवा. तेवढा वेळ काढता येत नसेल तर चाचणी वगळा आणि मुलांना थेट व्यवसायांच्या पानांवर सोडा.