सर्व्हाव्हॅक की गार्डासिल-९?

नागपूरच्या महाल भागातील एका मैत्रिणीला ११ वर्षांच्या मुलीसाठी एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची) लस निवडायची आहे आणि ती या दोन नावांत अडकली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांच्या विषाणूंपासून संरक्षण देते. गार्डासिल-९ त्यात ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ यांची भर घालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ व १८ मुळे होतात, त्यामुळे मुख्य संरक्षण दोन्हींत आहे; नऊ प्रकारांमुळे ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. खर्चाची तफावत मात्र मोठी आहे: सर्व्हाव्हॅकचा डोस साधारण २००० रुपयांना, तर दुसरीचा त्याच्या कितीतरी पट.

वेळापत्रक सारखेच: पंधराव्या वर्षाआधी दोन डोस, नंतर तीन. दोन्ही लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. धंतोली भागातून मे महिन्यात कुपी न्यायची असेल तर थंड डबा घ्यावा, पण ती थेट बर्फाला टेकू देऊ नये, कारण गोठलेली लस निकामी होते.

ऐपत असल्यास गार्डासिल-९ घ्यावी. पैशांपायी लसीकरण लांबणीवर पडत असेल किंवा घरात दोन-तीन मुली असतील, तर माझ्या मते सर्व्हाव्हॅक आत्ताच द्यावी, कारण संसर्गाआधी दिलेली लसच खरी कामाची. तिशीनंतरची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मात्र यांपैकी कोणतीही लस घेतली तरी करावीच लागते.