पराभूत राष्ट्रांवरची सहा व्याख्याने : धरमपेठेतील एका अभ्यासवर्गाचा अनुभव

युद्धात हरलेल्या देशांचा ताबा आणि त्यांची पुनर्बांधणी या विषयावर नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी अभ्यासवर्गाने सहा संध्याकाळी सशुल्क व्याख्याने ठेवली होती. बाराशे रुपये शुल्क होते. त्यांपैकी दोन व्याख्यानांनी ते जवळजवळ वसूल केले.

जर्मनीवरचे व्याख्यान सरस झाले. वक्त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी ताब्यासाठी पाडलेल्या चार विभागांचा नकाशा झटपट आटोपला आणि ते २० जून १९४८ या तारखेवर आले. त्या रविवारी पश्चिमेकडील तीन विभागांत माणशी ४० नवे मार्क हाती पडले, तिथले अर्थप्रशासक लुडविग एर्हार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरील भावनियंत्रण उठवले आणि कालपर्यंत रिकाम्या दिसणाऱ्या दुकानांत माल आला. हा माल एका रात्रीत तयार झाला नव्हता. जुन्या पैशावर भरवसा नसल्यामुळे व्यापाऱ्यांनी तो दडवून ठेवला होता. मार्शल योजनेलाच, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकी मदतीलाच, सगळे श्रेय देण्याच्या आपल्या सवयीला या तपशिलाने चांगलाच छेद दिला.

जपानमधील १९४६ च्या जमीनसुधारणेचे विवेचनही तसेच नेमके होते. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडे असलेली शेती सरकारने विकत घेऊन कुळांना दिली आणि जमीनदारांच्या हाती मोबदला म्हणून पडलेल्या सरकारी रोख्यांची किंमत महागाईने खाऊन टाकली. हे ऐकताच मागच्या रांगेतील काटोलचे एक वयस्क गृहस्थ उद्गारले, "म्हणजे आपला कूळकायदाच की!" विदर्भातील १९५८ च्या कायद्याशी तुलना करण्याची ती आयती संधी होती, परंतु वक्ते हसून पुढे गेले.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जपानवरच्या दोन व्याख्यानांत तेथील ताब्याचे प्रमुख असलेले अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्याखेरीज कोणी माणूसच दिसला नाही. ब्रिगेडियर थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली ताब्याच्या कामासाठी तेथे गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियन होती आणि भारताने १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र तह करून युद्धभरपाईवरचा हक्क सोडला, या दोन्ही गोष्टी नागपूरच्या श्रोत्यांना सांगायलाच हव्या होत्या. मी तसे विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. त्याआधी प्रोजेक्टरच्या दुरुस्तीत वीस मिनिटे गेली होती.

जर्मनीचे आणि जमीनसुधारणेचे व्याख्यान सुटे मिळत असेल, तर तेवढीच घ्यावीत.